गोदाबाईचा मुराळी

मंठा,
रथसप्तमीचा दुसरा दिवस, सन २००४

तीर्थस्वरूप आसराबाई आत्या यांच्या पायांवर मंठ्याहून त्रिंबकनं डोकं ठेवलं आहे आणि तुम्ही राग आवरून पाठीवर हात ठेवीपर्यंत ते उचलायचं नाही असं ठरवलं आहे. इकडे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत. आबांचा गुडघा थंडीनं धरला होता, तो हुरडा खायला शेतात जायचं म्हटल्यावर आपोआप सुटला. तुमचा खोकला, तुमच्या लेकाची म्हणजे कडूबाची नवी मोटारसायकल, सूनबाई बेबीनंदा वहिनींचं शिवणयंत्र आणि जिच्या धारेपायी तुम्ही लग्नकार्यालासुद्धा कुठं मुक्कामाला राहत नाही ती चंद्री म्हैस (हिची चौकशी खरं तर पहिली करायची असते, चुकलो), या सर्वांची खुशाली कळवावी. इथवर मोठ्या माणसाला लिहायचं तसं तुम्ही-आम्ही लिहिलं. आता तू म्हणतो, कारण तुम्ही म्हणायला लागलो की माझं मलाच मी बँकेला अर्ज लिहितोय असं वाटतं.

फोन करता आला असता. पण फोनवर तू 'हां हां, बोल' म्हणतेस आणि मी बोलायला तोंड उघडलं की 'बिल पडून राह्यलं बाबा' म्हणून ठेवून देतेस. बिल माझं पडत असतं, हे कडूबानं तुला सांगून सांगून त्याचा घसा बसला. म्हणून पत्र. पत्र वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, तुम्हाला विनंती एवढीच, की इथून पुढं कंसात जे लिहिलं असेल ते तुम्ही मनातल्या मनात वाचावं आणि कंसाबाहेरचं तेवढं मोठ्यानं वाचावं. (आत्या विचारेल, मधेच गप का झालीस? तर अक्षर लागत नाही म्हणा. माझ्या अक्षराची कीर्ती तिला ठाऊक आहे.)

आत्या, तुझा निरोप पोचला. बांगडीवाल्या उषाबाईंनी तो भर बाजारात, माझ्या दुकानाच्या दारात टोपली उतरवून, अगदी तुझ्या आवाजात सांगितला: "त्रिंबकला म्हणावं, गोदाबाईला माहेरच्या दारातून माघारी आणलीस व्हय रे? असला कसला मुराळी तू?" दुकानात गिऱ्हाइकं होती. एक जण फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आला होता, तो पंप उचलून सरळ निघून गेला. ज्याला बाई माहेरी पोचवता येत नाही तो पंप काय पोचवणार वेळेवर, असं त्याला वाटलं असावं. तर गोदाबाईचा भरलेला गडू परत आला हे खरं आहे. आमच्या देवघरात तो आहे, आई रोज हळदकुंकू लावते. पण तो का परत आला हे नीट ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

सुरुवातीपासून सांगतो. आमचा बद्रीनाथ, जो शाळेत माझ्या वहीतली गणितं उतरवायचा आणि आता पुण्याच्या कंपनीत साहेब आहे, त्याच्या डोक्यात आलं की आपण शाळेतल्या दोस्तांनी बॅकपॅकिंगला जायचं. म्हणजे पाठीवर बिऱ्हाड बांधायचं, काही ठरवायचं नाही, पाय नेतील तिकडं जायचं आणि मिळेल तिथं पाठ टेकायची. आपले वाडवडील मेंढरं घेऊन हेच करत हिंडायचे, फक्त त्यांना कुणी हौशी म्हटलं नाही. मी तयार झालो. आमच्यातला तिसरा, मच्छिंद्र, तर त्याहून तयार झाला, कारण त्याची तूर खळ्यावर आली होती आणि घरात राहिला असता तर झोडपावी लागली असती. गोव्याच्या पार खालच्या टोकाला जायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायचं आणि एक दिवस कयाक नावाच्या होडीत बसून वाटाड्याबरोबर खोल समुद्रात जाऊन यायचं, असा बेत ठरला. मी तुला भेटायला आणि सांगायला तीर्थपुरीला आलो. तू नुसतं 'समुद्रावर?' म्हणालीस आणि त्या रात्री जेवताना एकदाही माझ्या ताटाकडं पाहून 'आणखी घे' म्हणाली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुझ्या डोक्यात काहीतरी चालू आहे.

सकाळी उठतो तर तू कडूबाच्या मोटारसायकलवर मागं बसून गोदावरीवर जाऊनसुद्धा आलेली. तांब्याचा गडू काठोकाठ भरलेला, आणि सांडू नये म्हणून भुजंग कासाराकडून त्याचं तोंड कथलाचा डाग देऊन पक्कं बंद केलेलं, काशीहून गंगा आणतात तसं. मग तू जे बोललीस ते मला पाठ आहे. "गोदाबाई तुझ्याच नावाच्या डोंगरावर जलमली. पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रातून, म्हंजी तिचं माहेर तिकडं. दिली मात्र पूर्वेला. गेली ती गेलीच, एकदाबी माघारी फिरली न्हाई, कारण तिला आणायला कुणी मुराळीच गेला न्हाई. तू निघालाच हायेस तर न्हेऊन सोड. पण उंबऱ्यात सोडून पळून येऊ नको. आत न्हेऊन माजघरात बसव, पाय टेकत न्हाईत तिथं." लेकीला सासरहून माहेरी घेऊन जायला येतो तो मुराळी, हे मला माहीत होतं, नदीला मुराळी लागतो हे मला त्या दिवशी कळलं. वर तू नियमही घालून दिलेस. गडू जमिनीवर टेकवायचा नाही, तिला एकटीला सोडायचं नाही आणि पहिला घास तिला दाखवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मी होय म्हणालो. (वहिनी, तुम्ही दारामागं उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होता, ते मी पाहिलं.)

बद्रीनाथनं पुण्याहून आमच्यासाठी पाठीवरच्या पिशव्या आणल्या होत्या. त्या डोक्याच्याही वर जातात. जालन्याच्या स्टँडवर आम्ही तिघं त्या पिशव्या चढवून उभे राहिलो तेव्हा एका बाईनं आपलं पोर आमच्यापुढं करून त्याचं तोंड उघडलं. तिला वाटलं पोलिओचा डोस पाजणारे आले. मच्छिंद्रच्या पिशवीत भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, घोंगडी आणि आणखी एक घोंगडी होती. गडू मी फडक्यात बांधून कडेवर घेतला होता. एसटीत चढल्यावर मच्छिंद्रनं खिडकीची जागा फडक्यानं पुसून तिथं गडू बसवला आणि स्वतः उभा राहिला. कंडक्टरनं विचारलं, ही जागा कुणाची? मच्छिंद्र म्हणाला, "पाव्हणीची. माहेराला चाललीय." कंडक्टरनं पाव्हणी पाहिली, टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाला, मंग खिडकीची काच लावून घ्या, वारा लागंल. पुढं गोव्याच्या गाडीतही तेच. जिथं जाईल तिथं गोदाबाईला खिडकी आणि आम्हाला दांडा. बद्रीनाथला आधी लाज वाटत होती. पण घाट उतरताना त्यानंच गाडी वळली तशी गडूला हातानं आधार दिला, हे मी पाहिलं. तुझी पाहुणी बिलकुल तकलीफ न होता समुद्रापर्यंत पोचली, याची नोंद घ्यावी.

समुद्र पाहिला तेव्हा काय झालं हे सांगायचं तर काहीच झालं नाही. मग मच्छिंद्रनं तळहातावर पाणी घेऊन चाखलं, थुंकलं आणि फार दुःखानं म्हणाला, "एवढं पाणी, अन् एका वाफ्याच्या कामाचं न्हाई." त्याला दिवसभर त्याचंच वाईट वाटत होतं. संध्याकाळी त्यानं मला विचारलं, इथं पाणी एवढं, तर पाण्याच्या पाळीवरून भांडणं कुणाशी करतात? बद्रीनाथ म्हणाला, आपण मजा करायला आलो आहोत.

आता मुख्य गोष्ट. आमचा वाटाड्या कायतान नावाचा गृहस्थ होता. रंगानं तव्यासारखा, पोटानं गणपतीसारखा, आणि बोलायला लागला की आधी कोकणी, मग मराठी, मग रागात पुन्हा कोकणी. मराठी त्याला जत्रेतली नाटकं पाहून येते, त्यामुळं तो साधं 'बसा' म्हणाला तरी राजदरबारात बोलावल्यासारखं वाटतं. त्यानं आम्हाला बुडू नये म्हणून फुगीर बंड्या घातल्या आणि पोहायला कुणाला येतं विचारलं. मच्छिंद्रनं हात वर केला. मच्छिंद्र पोहतो म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत उडी मारतो आणि पायरी धरून वर येतो. हे मी कायतानला सांगितलं नाही. (आत्याला तर बिलकुल सांगू नका.) गडू पाहून त्यानं विचारलं, हे काय? मी सगळी हकीकत सांगितली. त्यानं टोपी काढली, गडूकडं बघितलं आणि म्हणाला, त्या काळ्या खडकाच्या पलीकडं नेतो, तिथं तळ लागत नाही, तेच समुद्राचं माजघर समजा. माणूस लगेच समजला, त्याला समजवावं लागलं नाही. गडू मी गळ्यात बांधला, मच्छिंद्रच्या बैलाच्या जुन्या कासऱ्यानं. तो कासरा त्यानं घरून का आणला होता, ते त्यालाही सांगता आलं नाही.

कयाक म्हणजे गुरांना पाणी पाजायची लांबट डोणी समज, पिवळ्या प्लास्टिकची. फरक एवढाच की इथं डोणी पाण्यात असते. एकीत दोन माणसं पुढंमागं बसतात. पुढच्यानं समोर बघायचं, मागच्यानं वळवायचं. पुढं मच्छिंद्र, मागं मी. दुसऱ्या डोणीत बद्रीनाथ एकटा, कारण त्यानं पुण्याच्या कुठल्याशा तळ्यावर एकदा हे केलं होतं आणि ते तो आम्हाला जालन्यापासून सांगत होता. तिसरीत कायतान. प्रत्येकाच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. निघालो आणि पहिल्या दहा हातांतच कळलं की आमची डोणी आमच्या ऐकण्यात नाही. कायतान ओरडे, उजवीकडं! मी आणि मच्छिंद्र दोघंही जीव खाऊन उजव्या अंगाचं पाणी ओढायचो, आणि डोणी निघायची डावीकडं. तो म्हणे, अहो उजवीकडं! आम्ही आणखी जोरानं उजवं ओढायचो, डोणी आणखी डावीकडं. आमचं काय चुकत होतं? बैलाला उजवीकडं वळवायचं तर उजवा कासरा ओढतात. पिढ्यान् पिढ्या ओढतात. हाताला दुसरं ठाऊकच नाही. मच्छिंद्र तर तोंडानं 'हाऽ, वळ, वळ माझ्या राजा' म्हणून डोणीला चुचकारत होता. आम्ही गोल फिरून पुन्हा वाळूला लागलो. पुन्हा निघालो, पुन्हा गोल, पुन्हा वाळू. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले लोक जाळी बाजूला ठेवून ओळीनं बसले. एका गोऱ्या बाईनं आमचा फोटो काढला. आम्ही फिरत होतो म्हणून तिला तो बऱ्याच बाजूंनी काढता आला. कायतान कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमकां बैल जाय, होडी न्हय!" म्हणजे तुम्हाला बैल पाहिजेत, होडी नव्हे. त्याला तो टोमणा वाटला. मला मात्र त्यातच किल्ली सापडली.

कारण मला एकदम शेताच्या कडेचा धुरा आठवला. वखर घेऊन शेताच्या टोकाला गेल्यावर बैलजोडी उजवीकडं वळवायची असते तेव्हा उजवा बैल जागच्या जागी पाय हलवतो आणि डावा, बाहेरचा, मोठा वळसा घेऊन चालतो. म्हणजे वल्हं हा कासरा नाहीच, वल्हं हा बैल आहे! उजवीकडं जायचं तर डावा बैल चालवायचा. मी हे मच्छिंद्रला ओरडून सांगितलं. तो मागं वळून माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मीच समुद्र तयार केला. मग त्यानं डाव्या पात्याला चांद्या आणि उजव्याला सुलतान अशी आपल्या बैलांची नावं दिली, आणि आत्या, काय सांगू, डोणी तासात चालावी तशी सरळ निघाली. "चांद्या चाल! सुलतान थांब! आता दोघं बराबर!" असं ओरडत आम्ही कायतानला मागं टाकलं. बद्रीनाथ, ज्याला येत होतं, तो बराच मागं राहिला. किनाऱ्यावरचे लोक टाळ्या वाजवत होते असं मला वाटलं. कदाचित ते जाळी झटकत असतील.

काळ्या खडकाला वळसा घातला आणि किनारा दिसेनासा झाला. चारी बाजूंनी पाणी, हिरवं, मधेच निळं, वर उन्हं. वल्ही थांबवली तर आवाजच नाही. एवढ्यात मच्छिंद्र हळूच म्हणाला, "त्रिंबक, म्हशी!" मी बघितलं तर खरंच, पाण्यातून काळ्या गुळगुळीत पाठी वर येत होत्या आणि फुस्स करून खाली जात होत्या. कायतान म्हणाला डॉल्फिन. मच्छिंद्र काही केल्या मानेना. त्याचं म्हणणं, पाठीवर एकच शिंग आहे पण जात म्हशीचीच, आणि ती मागची तर हुबेहूब चंद्री. त्या आमच्याभोवती फिरल्या, एक तर डोणीखालून निघाली. मला भीती वाटायला पाहिजे होती, पण मला हसू येत होतं. मच्छिंद्रलाही. आम्ही दोघं बाप्ये तळ नसलेल्या पाण्यावर बसून लहान पोरांसारखे हसत होतो आणि तो मधेच म्हणाला, "हे आत्यानं बघाय पायजे होतं." मी गळ्यातला गडू हातात धरला.

मग गडू उघडायला घेतला. आणि इथं, आत्या, तुझ्या भुजंग कासारानं दगा दिला. काय डाग दिलाय म्हणतेस! अगं, गडू काशीहून आला होता का? गंगा घरी आणून ब्राह्मण बोलावून, हातोडी-छिन्नी घेऊन, पाटावर बसून फोडतात. आम्हाला तो हलत्या डोणीत फोडायचा होता. नखानं होईना. मच्छिंद्रनं दातानं बघितलं, त्याच्या दाताचा कपचा उडाला पण कथील हललं नाही. बद्रीनाथकडं एक चाकू होता, त्यात म्हणे सोळा हत्यारं, त्यातलं नखं कापायचं तेवढं त्यानं आधी उघडलं आणि उरलेली पंधरा उघडायच्या आत चाकू समुद्रात गेला. कायतान म्हणाला, राहू दे, किनाऱ्यावर बघू. मच्छिंद्र म्हणाला, असं कसं राहू दे, बाई माजघरात येऊन दार उघडंना होय? आणि नीट जोर लावता यावा म्हणून तो उभा राहिला.

डोणीत उभं राहू नये, हे कायताननं सकाळी दोन्ही भाषांत सांगितलं होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. आधी आभाळ, मग मच्छिंद्रचे पाय, मग हिरवं पाणी आणि नाकात मीठ. बंडी मला वर ओढत होती आणि गळ्यातली गोदाबाई खाली. माहेर दिसल्यावर लेकीला कुठला दम निघतो! मी म्हटलं, बाई, सोडतो तुला, पण मला नेऊ नको. शेवटी बंडी जिंकली. वर येऊन बघतो तर मच्छिंद्र उताणा तरंगत होता, वल्हं छातीशी धरून, आणि शांतपणे म्हणत होता, "त्रिंबक, पायाखाली कायबी न्हाई रे. अन् तरी म्या हाय." मलाही तेच वाटत होतं. पायाखाली काही नाही आणि तरी आपण आहोत. मग पुन्हा हसू. कायताननं आम्हाला ज्वारीच्या पोत्यांसारखं एकेक करून वर ओढलं, कोकणीत जे बोलायचं ते बोलला, आणि वारा उठायच्या आत आम्ही खडकाला वळसा घालून परत आलो. गडू जसाच्या तसा, डाग जसाच्या तसा. तो भुजंगला दाखवलास तर छाती फुगवून हिंडेल.

तर आत्या, ही खरी हकीकत. तुझा मुराळी घाबरला नाही, उंबऱ्यातून पळाला नाही, पार माजघरात जाऊन बुडी मारून आला. दोष असेल तर तो कथलाचा आहे. तेव्हा बाजारातून निरोप पाठवणं थांबवावं, निदान उषाबाईंच्या हाती तरी पाठवू नये, दुकान बसायला आलं आहे. कडूबाला रामराम, वहिनींना नमस्कार, चंद्रीच्या पाठीवर माझ्या नावानं एक थाप. पाठीवर हात ठेवला असशील तर डोकं उचलतो.

तुझा,
त्रिंबक

ता. क. भुजंगला काही बोलू नकोस. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. वर लिहिलंय त्यातलं सगळं खरं आहे, फक्त शेवटचं अर्धंच सांगितलं. किनाऱ्यावर आल्यावर कायताननं स्वतःच्या खोपटातून हातोडी आणि छिन्नी काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, आता तोंड उचकटून ठेव, उद्या सकाळी समुद्र निवांत असतो, पुन्हा नेतो, काही देऊ नको. दोन ठोक्यांचं काम होतं. मी नको म्हणालो. बद्रीनाथ चिडला, मच्छिंद्रनं मात्र माझ्याकडं एकदा बघितलं आणि हातोडी उचलून परत खोपटात नेऊन ठेवली.

ता. क. दुसरा. नको का म्हणालो ते सांगतो. तू तेव्हा 'कुणी मुराळीच गेला न्हाई' म्हणालीस ना, तेव्हा मी गोदाबाईचा विचार करत होतो. खडकापलीकडं मच्छिंद्र तुझं नाव काढून बसला आणि मला एकदम कळलं की तू कुणाबद्दल बोलत होतीस. आजा गेल्यापासून आमच्या घरचा मुराळी तुझ्या दारात आलेला नाही. आबा दर दिवाळीला 'पुढच्या सालाला आणू आक्काला' म्हणतात आणि गुडघा चोळतात. आणि तू तिकडं 'चंद्री कुणाला धार काढू देत न्हाई' म्हणून सगळ्यांना सोडवून टाकतेस. मला फार वाईट वाटलं, आत्या, आणि लाजही वाटली. तुझ्या पाहुणीला मी तुझ्याशिवाय कसा सोडून येऊ? ते पाणी तुझ्या हातानंच पडलं पाहिजे. म्हणून गडू माघारी आला आहे. तो परत आलेला नाही, तो तुला घ्यायला आला आहे.

ता. क. तिसरा. चंद्रीचं नको सांगूस, तिची सोय केली आहे. तू नसशील तेवढे दिवस मच्छिंद्र तुमच्याकडं येऊन राहणार आहे, त्यानं आनंदानं कबूल केलं आहे. (वहिनी, चंद्री फक्त आत्याच्या लुगड्याचा वास ओळखते, हे मला माहीत आहे आणि मच्छिंद्रला माहीत नाही. आत्याचं हिरवं लुगडं धुवायला टाकू नका, तसंच खुंटीवर राहू द्या. तो आला की सकाळी अंधारात नेसवा, गावानं बघायच्या आत धार काढून होईल. नेसायला नाही म्हणाला तर म्हणावं, समुद्रात पडलास तेव्हा कुठं लाजलास.)

ता. क. चौथा. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी येतो. गडू माझ्या कडेवर असेल. डोणीत पुढं बसायचंस तू, मागं मी. वळवायचं मला आता येतं, आणि तू उभी राहणार नाहीस एवढं कबूल कर. हात आणि भाकरी एवढंच बरोबर घे, पाठीवरची पिशवी मी आणतो. (वहिनी, हे ऐकून ती पहिल्यांदा 'याला येड लागलं' म्हणेल. मग 'लोक काय म्हणतील' म्हणेल. त्यानंतर गप्प बसेल आणि कुणाच्या ताटाकडं न बघता जेवेल. तेवढं झालं की तुम्ही तिची पिशवी भरायला घ्या. आणि हे पुढचं कंसात असलं तरी मोठ्यानं वाचा: आत्या, या खेपेला गडू मांडीवर. खिडकीची जागा तुझी.)